मदत हवी आहे: आईच्या मनातली पाण्याची धास्ती

नमस्कार मंडळी. आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठी. वरच्या अंगाला रासायनिक कारखाने; खाडीत मेलेले मासे तरंगणं इथे नवं नाही. माझा प्रश्न मात्र आईच्या मनाचा आहे. विहिरीतून कळशी वर आली की आधी वास घेते, ओतून देते, पुन्हा काढते. रात्री झोप नाही. नातवाला साधं घामोळं उठलं तरी "पाण्याचंच" म्हणून रडते. बाबाही होडी काढत नाहीत, नुसते पडवीत बसून असतात. शेजारी म्हणाले, देवीला गाऱ्हाणं घाला. घातलं. (देवी तरी काय करणार, सांडपाणी तिच्या शिवेबाहेरून येतं!)

हा निव्वळ भ्रम नाही, हे कळतं. १९८४च्या भोपाळ वायुगळतीतून वाचलेल्यांनाही चिंता आणि नैराश्याने वर्षानुवर्षं सोडलं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर माहीत आहे, पण आई फोनवर परक्याशी बोलायची नाही. चिपळूण-गुहागर भागात समोर बसून बोलणारे कोणी समुपदेशक आहेत का? आणि पाणी तपासून अहवाल तिच्या हातात दिला तर धीर येईल, की अजूनच घाबरेल? कोणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.