सोन्याच्या नॅनोकणांवर सिलिकाचे कवच नीट का बसत नाही?

प्रश्न (विद्यार्थिनी, फोंडा)
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सायट्रेट पद्धतीने सोन्याचे सुमारे १५ नॅनोमीटरचे कण तयार करते. त्यांच्यावर सिलिकाचे कवच चढवून ते पॅरा-नायट्रोफिनॉलच्या क्षपणासाठी उत्प्रेरक म्हणून वापरायचे आहेत. मूळ द्रव माणकासारखा लाल असतो व त्याचे शोषणशिखर ५२० नॅनोमीटरजवळ मिळते. पण त्यात इथेनॉल आणि अमोनिया मिसळून टीईओएस (ज्यापासून सिलिका बनते ते द्रवरूप रसायन) घातले की थोड्याच वेळात रंग जांभळट होतो. एकदा लाल रंग टिकला, तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोने नसलेले सिलिकाचे गोळेच जास्त दिसले. पावसाळ्यातली आमच्याकडची दमट हवा याला कारणीभूत असेल का?

उत्तर १ (निवृत्त अध्यापक, म्हापसा)
दमट हवेला दोष देऊ नका. १९६८ मध्ये श्टोबर, फिंक आणि बोन यांनी दिलेल्या सिलिका बनवण्याच्या कृतीतच पाणी लागते. ज्या भांड्यात आपण स्वतः पाणी ओततो, तिथे हवेतल्या बाष्पाचा हिशेब कशाला? टीईओएसची बाटली मात्र घट्ट बंद ठेवा, कारण ओल शिरली की ते बाटलीतच जमू लागते. वारंवार उघडलेल्या बाटलीतला अमोनियाही फिका पडतो, तोही एकदा तपासून पाहा.

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. सायट्रेटचे आवरण कणांना केवळ विद्युतभाराच्या जोरावर एकमेकांपासून दूर ठेवते. इथेनॉल आणि अमोनियातील आयन आले की तो जोर कमी पडतो व कण चिकटतात, म्हणून रंग जांभळा होतो. शिवाय सोन्याला सिलिकाची ओढ नसते, त्यामुळे मध्ये दुवा हवा. लिझ-मार्झान, गियर्सिग आणि मल्वेनी यांनी १९९६ मध्ये त्यासाठी अमिनोसिलेन वापरले. नवख्या माणसाला मी पीव्हीपी (कणांना लपेटणारा एक पॉलिमर) सुचवीन: कणांच्या द्रवात ते घालून रात्रभर ढवळावे, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव टाकावा आणि कण इथेनॉलमध्ये घ्यावेत. त्यानंतर टीईओएस थोडे थोडे, तासांच्या अंतराने घालावे. एकदम ओतले तर सिलिका सोन्याची वाट न पाहता स्वतंत्रपणे गोळे बांधते.

सूक्ष्मदर्शकाची पाळी येईपर्यंत साधी चाचणी पुरते. थोड्या नमुन्यात मिठाचे पाणी घाला: उघडे सायट्रेट-कण निळसर होतील, कवच नीट बसलेले लालच राहतील. पीव्हीपी लावलेले कणही मिठाला बऱ्यापैकी तग धरतात, म्हणून कवचाआधीच्या नमुन्याचीही तीच चाचणी शेजारी ठेवा.

उत्तर २ (औषधनिर्मिती क्षेत्रातील रसायनज्ञ, वेर्णा)
सरांशी मी सहमत आहे. मात्र कवच बसले म्हणजे उत्प्रेरक तयार झाला, असे समजू नये. घट्ट, जाड कवचातून नायट्रोफिनॉल सोन्यापर्यंत पोचणारच नाही. सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या साहाय्याने सच्छिद्र कवच वाढवून नंतर सीटॅब काढून टाकावे. सोमोरजाई यांच्या गटाने २००९ मध्ये सच्छिद्र सिलिकातील प्लॅटिनमचे कण हवेत ७५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकल्याचे दाखवले, पण तुमची अभिक्रिया खोलीच्या तापमानाला होते. तुमच्यासाठी कवचाचे काम कण एकत्र येऊ न देणे एवढेच आहे.

क्षपण घडवणाऱ्या बोरोहायड्राइडचे द्रावण दर वेळी ताजे करा, कारण ते पाण्यात हळूहळू फुकट जाते. शिवाय त्याचा आम्लारिपणा सिलिकाला कुरतडतो, त्यामुळे तेच कण पुन्हा पुन्हा वापरताना कवच तपासत राहा. नायट्रोफिनॉलचे ४०० नॅनोमीटरचे शिखर खाली येताना तयार होणाऱ्या पदार्थाचे ३०० जवळचे वर येते का, तेही पाहा. तसेच फक्त सिलिकाचे कण घालून एक कोरी चाचणी अवश्य करा.

प्रश्नकर्ती
देव बरे करो! पीव्हीपीने द्रव लाल राहिला आणि शिखर काही नॅनोमीटरच पुढे सरकले. आता १० नॅनोमीटर जाडीच्या कवचासाठी टीईओएस किती घ्यावे, असा प्रश्न आहे.

उत्तर १
कवचाचे घनफळ काढा. १५ नॅनोमीटरचा कण ३५ चा झाला की एकूण घनफळ सुमारे १२.७ पट होते, म्हणजे कवच गाभ्याच्या ११.७ पट. जाडी २० केली तर तेच कवच ४८ पटींवर जाते. तेव्हा जाडी दुप्पट करायला टीईओएस दुप्पट नव्हे, चौपट लागेल. सगळे टीईओएस कणांवर बसत नाही, म्हणून हिशेबापेक्षा थोडे अधिक घ्या.