मदत हवी आहे: हिमबिबट्यासाठी किब्बरला तासन्‌तास बसायचंय, अंगात ऊब राहील असं काय खावं-प्यावं?

चिमणी_मुलुंड

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मी, नवरा आणि माझे बाबा असे तिघं हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बरला जातोय, हिमबिबट्या बघायला. बाबांची ही फार जुनी इच्छा आहे. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून भांडुप पंपिंग स्टेशन, शिवडीची खाडी, येऊर, सगळं त्यांनी दुर्बीण गळ्यात अडकवून पालथं घातलंय. गुडघे साथ देतायत तोवर हे एकदा करून घेऊ, असं ठरलं.

कपड्यांची तयारी झाली आहे, त्यात अडचण नाही. प्रश्न खाण्यापिण्याचा आहे. टूरवाले सांगतात की सकाळी लवकर निघायचं, वाटाड्यांना प्राणी दिसला की दरीच्या काठावर स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) लावून बसायचं. तो समोरच्या कड्यावर झोपला तर आपणही बसून राहायचं. चार तास, सहा तास, कधी अंधार पडेपर्यंत. उगाच हलायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. पहाटे तिथे पारा उणे २० च्याही खाली जातो म्हणे. आमचं आयुष्य मुंबईत गेलं. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२ सालचा. थंडी म्हणजे काय याचा अंदाज आम्हाला नाहीच.

हिवाळ्यात गडावर जातो तेव्हा चालून अंग तापतं, थांबलो की शेकोटी असते. इथे चालणं थोडं आणि बसणं जास्त. म्हणून विचारते:

खिशात काय ठेवावं? आईच्या मते डिंकाचे लाडू, नवऱ्याच्या मते चॉकलेट. थर्मासमध्ये चहा, कॉफी की काढा? नवऱ्याचे मित्र ब्रँडी न्यायचा आग्रह करतायत, "दोन घोटांत अंग गरम" म्हणून. ते खरं आहे का? बाबांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांच्या डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय. पण मग लाडूचं काय करायचं?

आणि एक बायकांचा प्रश्न. त्या उघड्या डोंगरावर आडोसा नाही, अंगावर कपड्यांचे चार थर. पाणीच कमी प्यावं असं मनात येतंय. चालेल का?

आम्ही अंडी खातो, बाकी शाकाहारी.

---

हिवाळी_भटक्या

ताई, आधी बाबांना नमस्कार सांगा. बर्फात हिमबिबट्या बघायची इच्छा धरणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

मी हिवाळ्यात स्पितीत राहिलोय, त्या कड्यांवर बसलोय. तुम्ही नेमकं ओळखलंत, खरी परीक्षा बसण्याची आहे. चढताना अंगाची भट्टी पेटलेली असते. बसलात की शरीर ताशी फार तर ७०-८० कॅलरी जाळतं आणि त्यातून निघेल तेवढीच ऊब तुमच्या वाट्याला येते. ती कमी पडली की कुडकुडणं सुरू होतं. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी ऊब तयार करण्यासाठी केलेली धडपड, आणि त्याला लागणाऱ्या इंधनात साठवलेल्या साखरेचा मोठा वाटा असतो. ती संपली की माणूस गळून जातो. म्हणून थंडी वाजायला लागल्यावर खायचं नाही, वाजायच्या आधीपासून थोडं थोडं खात राहायचं. दर पाऊण-एक तासाला दोन घास.

सकाळी निघताना पोटभर खा. होमस्टेमध्ये पराठे-अंडी मिळतात. त्यावर लोणी असेल तर नको म्हणू नका. तिथली मंडळी सत्तूसारखं भाजलेल्या जवाचं पीठ खातात, त्याला त्सांपा म्हणतात. लोणी-मीठ घातलेल्या चहात ते कालवून गोळे करून खायचं. पहिल्या घोटाला खारट चहा विचित्र लागतो, पण तो चहा न समजता सूप समजून प्या. पीठ, लोणी, मीठ, गरम पाणी, अशा हवेत माणसाला लागतं ते सगळं त्या वाटीत आहे. रात्री थुक्पा (शेवयांचं गरम सूप) मिळेल, तोही शाकाहारी करून देतात.

खिशातल्या खाण्याबद्दल तुमच्या आईंचं बरोबर आहे. चॉकलेट तिथे दगड होतं, एनर्जी बार तर दातच मागतो. ज्यात पाणी आहे ते सगळं गोठतं: केळं, सँडविच, उकडलेलं अंडंसुद्धा. सुकं खोबरं, शेंगदाणे, काजू, बिया काढलेला खजूर, तिळाची चिक्की, खाकरा हे चालतं. संक्रांत नुकतीच झालेली असेल, घरात उरलेला तिळगूळ सरळ पिशवीत भरा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथे जाड हातमोजे काढणं ही शिक्षा असते. वेष्टन फाडायला हातमोजा काढला की बोटं परत गरम व्हायला वीस मिनिटं जातात, आणि नेमकं तेव्हाच वाटाड्या "हिला, हिला" म्हणून खूण करतो. म्हणून घरीच सगळं एका घासाच्या आकाराचं करून ठेवा. लाडू लिंबाएवढा नको, बोराएवढा वळा. छोट्या कापडी पिशवीत भरून ती जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. हातमोज्यासकट दोन बोटांनी काढता आला पाहिजे. कापडी पिशवी यासाठीही, की प्लॅस्टिकची चुरचुर त्या शांततेत फार लांब जाते.

आणि एक कळकळीची विनंती. खजुराची बी असो की संत्र्याची साल, काहीही तिथे टाकू नका. स्पितीत भटक्या कुत्र्यांनी आधीच वन्यजीवांना सळो की पळो केलंय. उरल्यासुरल्या अन्नावर ती पोसली जातात.

---

ठाणेकर_काकू

अगं, बाजरीच्या पिठाचे लाडू कर थोडे. बाजरी, तीळ, गूळ, सुंठ, मेथी हे सगळं उष्ण. बाळंतिणीला देतो तेच. अळीव मात्र नको, त्याला भरपूर पाणी लागतं.

---

एमडी_मेडिसिन

ब्रँडी नको. रम नको, तिथली घरगुती अरकही संध्याकाळपर्यंत नको. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं, म्हणून गाल-हात गरम वाटतात. ती ऊब शरीराच्या गाभ्यातून निघून हवेत जाते. त्यात कुडकुडणंही मंदावतं आणि थंडी किती वाजतेय हे कळेनासं होतं. किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर आहे. विरळ हवेच्या त्रासाची डोकेदुखी आणि दारूची डोकेदुखी यांत फरक करता येत नाही, हे आणखी एक कारण. सिगारेटने उलट बोटांचा रक्तपुरवठा घटतो, हिमदंशाला ते आमंत्रणच.

पाणी कमी पिण्याचा विचार कृपया सोडून द्या. थंडीत रक्त हातापायांकडून आत सरकतं, मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालं, म्हणून लघवी वाढते. कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं, आणि तहान मात्र लागत नाही. पाणी कमी पडलं की बोटं आधी गार पडतात, डोकं दुखतं, थकवा येतो. बायका सोयीसाठी पाणी तोडतात आणि उंचीवर आजारी पडतात, हे मी पाहिलंय. दिवसाला तीन लिटरच्या आसपास द्रव पोटात जाऊ द्या. निघण्यापूर्वी भरपूर प्या, बसल्यावर घोट घोट. दोन तासांनी उठून खडकाआड जाऊन या. पाय मोकळे होतात, रक्त फिरतं. लांब घेराचा पोंचो वरून घातला की आडोसा होतो, सोबत आणखी बाई असेल तर शाल धरायला सांगा.

कॉफीची सवय असेल तर एक-दोन कप घ्या, अचानक बंद केलीत तर तीही डोकेदुखी. लघवी वाढवण्याचा तिचा गुण नेहमी पिणाऱ्याला फारसा जाणवत नाही.

वडिलांबद्दल. लाडू बंद करायची गरज नाही, वेळा पाळा. कुडकुडताना शरीर साखर जाळतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि साखर उतरल्यावर येणारी थरथर थंडीच्या थरथरीसारखीच दिसते. शंका आली तर आधी गोड द्या, मग तपासा. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या आतल्या खिशात ठेवा, गारठलेलं यंत्र चुकीचं दाखवतं किंवा चालतच नाही. डापाग्लिफ्लोझिन गटातली गोळी असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी जाण्याआधी मुद्दाम बोला, तिने लघवीवाटे पाणी जास्त जातं. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का, हेही त्यांनाच विचारा. मनाने सुरू करू नका. त्यांच्यासाठी दाणे, खोबरं, चणे जास्त आणि लाडू मोजून, पण ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्या स्वतःच्या खिशात हव्यातच.

---

बॉयलरवाला

थर्मासबद्दल थोडं गणित मांडतो, ते कळलं की काय भरायचं हे आपोआप ठरतं.

६० अंशांचा २०० मिली चहा पोटात जाऊन ३७ अंशांवर येताना शरीराला जेमतेम साडेचार किलोकॅलरी उष्णता देतो. त्यात दोन चमचे साखर असेल तर ती ४० देते. म्हणजे खरं इंधन साखरेत, चहाच्या गरमपणात नाही. तरीही गरमच प्यायचं, कारण गार पाणी तापवायला शरीराचा खर्च होतो. बर्फ तर कधीच चघळू नका: पाव किलो बर्फ पोटात वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला तीसेक किलोकॅलरी जातात. पाणी मिळूनही तुम्ही जास्त गारठता.

किब्बरच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. चहा थर्मासमध्ये पडतो तोच मुंबईपेक्षा गार. म्हणून आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी पाच-सात मिनिटं ठेवा, ते ओतून लगेच चहा भरा, अगदी गळ्यापर्यंत. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. लिटरचा एक घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरचे दोन घ्या, दुपारचा उघडेपर्यंत बंद राहतो. साध्या पाण्याची बाटली लोकरी मोज्यात घालून सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायची पिशवी नकोच, नळी पहिल्या तासात गोठते.

दुधाचा चहा टाळा. चार तासांनी त्याची चव जाते, झाकणाच्या रबराला वास धरतो, आणि गूळ घातला तर फाटतो. कोरा चहा, गूळ, सुंठ, आवडत असेल तर लिंबू.

---

चिमणी_मुलुंड

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! डॉक्टर, बाबांची गोळी पाहिली, ग्लिमेपिराइडच आहे. उद्याच त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते. पाण्याबद्दलही पटलं, पोंचो आणते. ब्रँडीचा विषय घरी संपला.

काकू, बाजरी पीठ आजच दळून आणते. पण उष्ण म्हणजे अंगात खरंच ऊब येते का, की भास? मिरचीने घाम फुटतो तसं?

भटक्यादादा, दुपारी काहीतरी खारं, तिखट हवंच होईल. सारखं गोड खाऊन बाबा कंटाळतील.

---

हिवाळी_भटक्या

उष्णचं मी माझ्यापुरतं असं लावतो: सुंठ-मिरचीने गरम *वाटतं*, पण अंगातल्या उष्णतेत मोठी भर पडत नाही. मिरचीने घाम आला तर बसल्या जागी तो थंडच पडणार, म्हणून झणझणीत नको. पण काकूंच्या लाडवात तूप, तीळ, खोबरं, गूळ आहे. तुपाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, गुळाच्या ग्रॅमला चार. गूळ लगेच लागतो, तूप सावकाश पुरतं. झोपायच्या आधी एक लाडू खाऊन बघा, पहाटेपर्यंत पांघरुणात फरक जाणवतो. आपल्या आज्यांनी थंडीसाठी जे ठरवलं ते मोजूनही बरोबरच निघतं, याचा मला फार आनंद होतो.

खाऱ्यासाठी कुळथाची पिठी. कुळीथ पीठ घरी खमंग भाजा, त्यात जिरं, सुकी लसूण, मीठ, थोडं आमसूल कोरडं मिसळून पुडा बांधा. भाजणं महत्त्वाचं, कारण त्या उंचीवर कच्चं पीठ लवकर शिजत नाही. होमस्टेच्या वहिनींना सकाळी पाच मिनिटं उकळून द्यायला सांगा, वर चमचाभर तूप. पातळ ठेवा, दाट झाली तर थर्मासच्या तोंडाशी अडकते. दुपारी उन्हं कलून वारा सुटतो तेव्हा कपभर प्या. मी मागच्या वेळी वाटाड्याला दिली, त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितली. पुडे थोडे जास्तच न्या. तो दिवसभर तुमच्यासाठी डोंगर चाळत असतो.

सुका मेवा मशीद बंदरला घ्या, एवढ्या वजनाला दादरपेक्षा स्वस्त पडेल.

---

चिमणी_मुलुंड

कुळथाची पिठी! बाबांचं आजोळ देवगडचं, त्यांना सांगितलं तर आत्ताच करायला लावतील.

शेवटची शंका. डिंकाचे लाडू तिथे दगडासारखे होणार नाहीत ना? आई गुळाचा पाक करते.

---

ठाणेकर_काकू

पाक नको, पाकाचा लाडू थंडीत फुटत नाही. डिंक तुपात फुलवून हाताने चुरायचा. खारीक पूड, भाजलेलं खोबरं, खसखस, बाजरीचं भाजलेलं पीठ घालायचं. गूळ बारीक चिरून कोमट सारणातच मळायचा, तूप नेहमीपेक्षा थोडं कमी. तूप जास्त झालं की तेच गोठून घट्ट होतं. मग आईला म्हणावं डब्यात घालून फ्रीझरमध्ये रात्रभर ठेव, सकाळी चावून बघ. दाताला जमला तर तसेच सगळे वळ, नाही जमला तर थोडं खजूर घालून परत मळ. बाबांसाठी निम्मा गूळ घालून वेगळे कर, आणि पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा बांध.