दापोलीत नव्याने राहायला आलेल्या दोघांनी हा परिसर कसा ओळखावा?

प्रश्न – लातूरची लेक

नमस्कार. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी बदली दापोलीला झाली आणि आम्ही दोघे गिम्हवण्यात भाड्याचे घर घेऊन राहू लागलो. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरचे आम्ही. इथे सामान लावून व्हायच्या आत पागोळ्या सुरू झाल्या आणि गौरी-गणपती गेले तरी त्या पुरत्या थांबलेल्या नाहीत. कपाटातल्या कपड्यांना आणि चपलांना बुरशी येते, मीठ ओले होते, या गोष्टींची आता थोडी सवय झाली आहे.

मुरुड, कर्दे, लाडघर आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती ही ठिकाणे आम्ही मिळेल तशा उघडिपीत पाहिली. मात्र आम्हाला इथे निदान तीन-चार वर्षे राहायचे आहे, त्यामुळे चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांसारखे पाहून मोकळे व्हावे असे वाटत नाही. शिवाय मागच्या रविवारी एक प्रसंग घडला. किनाऱ्यावरून चालताना आम्ही एका पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे, तोंड घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडले आणि तासा-दीड तासाने परत आलो, तेव्हा तिथे कमरेच्या वर पाणी होते. ह्यांना पोहता येत नाही. जाळे विणत बसलेल्या एका आजोबांनी हाका मारून आम्हाला थांबवले आणि आतल्या बाजूच्या साकवावरून (लहान पुलावरून) फिरून जायला सांगितले. त्या दिवशी कळले की ज्या गावात आपण राहतो, त्याची साधी बाराखडीही आपल्याला येत नाही.

आमच्याकडे एक दुचाकी आहे आणि रविवार मोकळा असतो. पाण्याची वेळ कशी ओळखायची, फिरायला सुरुवात कुठून करायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळायचे कसे, हे जाणत्यांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर – कोळथरेकर

ताई, त्या आजोबांनी तुम्हाला हटकले हे फार बरे झाले. पाण्याचा हिशेब आमच्याकडे शाळेत जाण्याआधी शिकवतात, तो आधी सांगतो. त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, साधारण त्या वेळेला पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती, म्हणून दिवसातून दोनदा पाणी चढते आणि रोज सुमारे पाऊण तास उशिरा चढते. हा ठोकताळा आहे. जागेप्रमाणे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालावे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी फार वर येते आणि फार आत जाते. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा हा फरक कमी असतो. नवख्या माणसाने ओहोटी लागल्यावर निघावे आणि पाणी फिरण्याआधी पऱ्याच्या अलीकडे यावे. खाडीच्या तोंडाशी तर पोहणाऱ्यानेही उतरू नये, कारण तिथली ओढ वरून दिसत नाही.

फिरण्याची सुरुवात मी समुद्रापासून न करता आसूदपासून करायला सांगेन. दाबकेवाडीतून उतरणारी पाखाडी (दगडी पायवाट) धरावी, नदी ओलांडावी आणि पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात जावे. देऊळ सुंदर आहेच, पण तुम्ही दुष्काळी भागातून आला आहात म्हणून सांगतो, वाटेतले पाट नीट पाहा. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उताराने वाडीवाडीत फिरवून त्यावर नारळी-पोफळी जगवल्या आहेत, आणि देवळापाशी गोमुखातून तेच वाहते पाणी बारमाही पडते. इतका पाऊस पडूनही कोकणात मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि उतार ते थेट खाडीला नेतो. त्यामुळे ज्याच्या वाडीला पाट आहे, त्याचे भाग्य इथे मोठे मानतात. आता गेलात तर हे समजणार नाही; एकदा आता जावे आणि एकदा एप्रिलमध्ये.

दुसरी गोष्ट, काही रविवारी दुचाकी घरी ठेवून एसटीने जावे. दापोली आगारातून संध्याकाळी सुटणारी वस्तीची गाडी गावात मुक्कामाला राहते आणि सकाळी परत येते. त्या गाडीत कोण कुठे उतरतो, कोणासाठी चालक थांबतो, कोणाची पिशवी पुढच्या थांब्यावर द्यायची असते, हे सारे दिसते. पन्हाळेकाजीची २९ लेणी आणि पालगडचे साने गुरुजींचे घर ही ठिकाणे मात्र पाऊस सरल्यावर, पूर्ण दिवस हाताशी ठेवून करावीत. पन्हाळेकाजीला बौद्धांनी कोरलेल्या लेण्यांत पुढे नाथपंथीयांनी वस्ती केली; घाईने पाहिले तर हा बदल डोळ्यांतून निसटतो.

उत्तर – बंदरकाठ

हर्णैचा मासळीचा लिलाव अजून पाहिला नसेल तर एखाद्या संध्याकाळी चारनंतर बंदरावर जावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते; त्यामुळे तुम्ही आलात तेव्हाचे बंदर आणि आताचे बंदर यांत फार अंतर आहे. लिलावात मोठ्या पाट्या व्यापारी घेतात. घरापुरते मासे बाजूला बसलेल्या बायकांकडून वाट्याने घ्यावेत. माशाचे नाव माहीत नसेल तर सरळ विचारावे. तो कसा करायचा, हेही त्या सांगतात. तुम्ही शाकाहारी असाल तरी जावे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो आणि काठावर गोवा किल्ला, फत्तेगड आणि कनकदुर्ग आहेत. फत्तेगडावर आज लोकांची घरे आहेत, तेव्हा तिथे किल्ला पाहायला नव्हे तर कोणाच्या तरी दारात जात आहोत, हे ध्यानात ठेवून वागावे. सुवर्णदुर्गाला होडीने जायचे असेल तर समुद्र शांत होईपर्यंत धीर धरावा.

उत्तर – आंजर्ल्यातली नाशिककरीण

मी २०१७ साली नाशिकहून इथे आले, म्हणून तुमची अडचण मला चांगली कळते. पहिली तीन वर्षे मी शेजाऱ्यांशी नमस्कारापुरतीच बोलत होते. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आले, आमच्या घराची कौले उडाली आणि शेजारच्या काकांची बाग दुपारपर्यंत आडवी झाली. कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत त्यांच्या पडवीत सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक होत असे आणि कोकणी माणूस तुटक बोलतो हा माझा समज तिथेच गळून पडला. आज वाड्यांमध्ये जुन्या उंच माडांच्या शेजारी कोवळ्या पोफळींच्या रांगा दिसतात, त्यांतल्या कितीतरी त्या वादळानंतर लावलेल्या आहेत. ‘बाग छान आहे’ असे म्हणण्याआधी ‘वादळात किती गेली होती?’ असे विचारावे. माणसे मनापासून बोलू लागतात.

ताई, मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, तयारी शेजारणींबरोबर करा. कडधान्ये वाळवणे, कोकमे फोडून आमसुले करणे, मसाला कुटून ठेवणे, कौले परतून घेणे, ही कामे एकट्याने होत नाहीत आणि ती करताना जे शिकायला मिळते ते विचारून मिळत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. भाडेकरूच्या दारातही ती येऊ शकते, म्हणून घरमालकांना आधी विचारा, अंगण सारवून ठेवा आणि ओटीचे साहित्य तयार असू द्या.

एक सूचना तुमच्या यजमानांसाठी. आपल्याकडे फुरसे हा लहान पण अतिशय विषारी साप दगडधोंड्यांत आणि पालापाचोळ्यात असतो. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटींत हात घालू नये, अंधारात विजेरीशिवाय निघू नये, पायात बूट असावेत आणि उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता आधीच पाहून ठेवावा.

लातूरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही आसूदला जाऊन आलो. पाटाच्या काठाने चालताना ह्यांनी मध्येच थांबून पाण्यात हात धरला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. लातूरला टँकरची वाट पाहत काढलेल्या दुपारी आम्हा दोघांनाही आठवल्या. एप्रिलमध्ये पुन्हा जायचे हे ठरले आहे.

काल संध्याकाळी कॅलेंडर काढून तिथीचा हिशेबही मांडला. येत्या रविवारी एकादशी आहे. म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती आणि अडीचच्या सुमारास ओहोटी येते. मग बारा वाजता निघून साडेतीनच्या आत परत फिरलो तर तो पऱ्या ओलांडता येईल का?

कोळथरेकर

हिशेब बरोबर मांडला आहे. तीन वाजताच परत फिरा, आणि आदल्या दिवशी डोंगरात मोठा पाऊस झाला असेल तर पऱ्याच्या वाटेला जाऊ नका, कारण ते पाणी तिथी पाळत नाही. त्या आजोबांची गाठ पडली तर त्यांनाही वेळ विचारून घ्या. त्या जागेचे पाणी त्यांच्याइतके मला ठाऊक नाही.