गावाच्या सांडपाण्यासाठी काय करावं? (निफाड तालुका, काळी जमीन)

कादवाकाठ: नमस्कार मंडळी. गाव निफाड तालुक्यात, वस्ती १८०० च्या आसपास. घरोघरी नळ आले तसं मोऱ्यांचं पाणी वाढलं, ते गटारीतून सरळ ओढ्यात आणि ओढा कादवेला. डास, वास, पाणवेली, सगळं आलं. ग्रामसभेत विषय आहे. एक पार्टी म्हणते भुयारी गटार करा आणि शेवटी ब्लोअरवाला (पाण्यात हवा फुंकणारं यंत्र) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बसवा, दुसरी म्हणते शोषखड्डे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे. कोणी केलंय का?

मुरमाड_सिन्नरकर: एसटीपीच्या नादी लागू नका भाऊ. ब्लोअर सारखा चालू लागतो, लाईट गेली आणि दोन दिवस हवा नाही मिळाली की आतले जिवाणू खलास, मग नुसतं घाण पाणी या टाकीतून त्या टाकीत. आणि बिल कोण भरणार, स्ट्रीटलाईटचं थकतं तिथं! शोषखड्डे करा, नांदेड पॅटर्न. ४ बाय ४ बाय ४ फुटांचा खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, तिच्या बाजूंना भोकं पाडलेली, भोवती डबर, वर गोणपाट आणि माती. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून डबरात जाऊन मुरतं. रोजगार हमीतून होतो.

जुना_ओव्हरसियर: सिन्नरच्या मुरमात बरोबर आहे दादा, पण निफाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगली की पाणी पितच नाही. आधी टेस्ट घ्या. हातभर खड्डा खणा, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी परत भरा आणि अर्ध्या तासात किती उतरतं बघा. बोटभरही उतरलं नाही तर तिथं शोषखड्डा म्हणजे झाकलेलं डबकं. पिण्याच्या विहिरीपासून निदान ६० फूट लांब ठेवा.

आता हिशोब. माणशी ५५ लिटर धरलं तर रोज ९९,००० लिटर, त्यातलं ७० टक्के सांडपाणी म्हणजे ७० हजाराच्या घरात. शोषखड्ड्यात न जाणाऱ्या पाण्यासाठी उताराला गायरान असेल तर एकापुढे एक तीन स्थिरीकरण तळी. पहिलं खोल, तिथं गाळ बसून कुजतो. दुसरं उथळ, शेवाळ ऑक्सिजन देतं. तिसरं अजून उथळ, उन्हानं जंतू मरतात. वीज शून्य, जागा मात्र भरपूर लागते.

पैशाचं म्हणाल तर स्वच्छ भारत टप्पा २ मध्ये ५,००० वस्तीपर्यंत सांडपाण्याला माणशी २८० रुपये, तुमचे ५,०४,००० होतात, त्यातही ३० टक्के वित्त आयोगाच्या पैशातून घालायचे. एवढ्यात भुयारी गटार होत नाही, कोणी होतं म्हणाला तर एस्टिमेट मागा.

आणि सेफ्टी टाक्यांची आउटलेटं गटारीला आहेत का? असतील तर आधी ती तोडा, संडासचं पाणी मिसळलं की सगळं गणित बदलतं.

कादवाकाठ: वरच्या आळीला मुरूम आहे, खाली काळी. म्हणजे वर शोषखड्डे, खाली तळी असं जमेल. सेफ्टी टाक्या निम्म्याहून जास्त गटारीलाच आहेत, त्यात पुढारी मंडळींच्याही 😅 तळ्यातलं पाणी कांद्याला चालेल का?

जुना_ओव्हरसियर: कांद्याला नको, कच्चा खातात लोक. नेपियर गवत, बांबू, झाडं यांना द्या. टाक्यांच्या आउटलेटला वेगळा शोषखड्डा, पण तोही मुरूम लागेल तिथंच, आणि गाळ मुदतीत उपसायचा.

माहेर_दिंडोरी: सगळे बांधायचंच बोलताय, गाळ कोण काढणार ते ग्रामसभेत लिहून घ्या आधी. आमच्याकडे खड्डे झाले, फोटो निघाले, पहिल्याच पावसाळ्यात निम्मे तुंबले कारण मोरीतून केस, भाताची शितं, साबणाचा थर सगळं आत, आणि झाकण उघडायला एक बाप्या पुढे येईना. मोरीलाच जाळी पाहिजे.

कादवाकाठ: ताई जाळी कुठली? स्टीलची?

माहेर_दिंडोरी: स्टीलची भोकं मोठी असतात हो, शितं जातातच. कांद्याच्या गोणीचा तुकडा तीनचार पदरी दुमडून पाइपच्या तोंडाला सुतळीनं बांधा, भरला की काढून नवा. निफाडात गोणीला काय तोटा!