डोपामीन कमी केलेलं पिल्लू धावतं, मग जास्त डोपामीनचा उंदीर का धावतो?

खानापूरची आई
नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. वर्गात दहा मिनिटं बसवत नाही त्याला. कन्नडच्या तासाला तर खिडकीशीच असतो. बेळगावच्या डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, सांगून मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू केलंय. मेंदूत डोपामीन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, कमी पडतं, असं समजावलं. सासऱ्यांची कौलांची भट्टी आहे. ते म्हणतात, "पोरगं मस्ती करायलंय. आणि ते औषध उत्तेजक म्हणे. उधळलेल्या बैलाला आणि चाबूक कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून रात्री वाचत बसले. १९७६ मध्ये शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी पाच दिवसांच्या उंदरांच्या पिल्लांतल्या डोपामीनच्या पेशी रसायनाने मारल्या, तर पिल्लं सैरभैर धावू लागली. पुढे १९९६ मधला एक प्रयोग सापडला. त्यात उंदरांच्या मेंदूत डोपामीन जास्त वेळ साचून राहत होतं, आणि तेही धावत होते! मग माझ्या पोराचं नक्की काय, कमी की जास्त?

निपाणीचा फार्मासिस्ट
ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. फार्मसीला असताना आम्ही उंदरांवर अ‍ॅक्टोफोटोमीटर वापरायचो. पेटीत प्रकाशाचे किरण असतात, उंदराने किरण तोडला की आकडा एकाने वाढतो. दहा मिनिटांनी आकडा वहीत लिहायचा. तो उंदीर घाबरून पळतोय, नव्या जागेला हुंगतोय की त्याचं लक्षच टिकत नाही, हे त्या आकड्यात कधीच दिसत नाही. 'धावणं' हे एकच लक्षण, त्यामागची वाट मात्र वेगवेगळी.

तुमच्या पिल्लांचंच बघा. तेच नुकसान मोठ्या उंदरात केलं तर तो धावत नाही, उलट थिजतो, पार्किन्सनच्या रुग्णासारखा. पिल्लाचा मेंदू अजून बांधला जात असतो. डोपामीनच्या तारा गेल्या की तिथे सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या तारा दाट वाढतात, उरलेल्या पेशींची संवेदनाही बदलते. म्हणून पेशी किती गेल्या याइतकंच त्या कोणत्या वयात गेल्या हेही महत्त्वाचं. आणि ती पिल्लं मोठी होताना त्यांचं धावणं ओसरलं, शिकण्यातली अडचण मात्र राहिली. मला ती गोष्ट फार लागली होती.

१९९६ च्या उंदरांत डोपामीन परत उचलून घेणारं प्रथिनच नव्हतं, त्यामुळे सुटलेलं डोपामीन कितीतरी जास्त वेळ बाहेर राहायचं. मिथाइलफेनिडेट याच प्रथिनाला अडवतं. या उंदरांत अडवायला ते प्रथिनच नव्हतं, तरी १९९९ मध्ये त्याच औषधाने ते शांत झाले, आणि ते सेरोटोनिनच्या वाटेनं झालं असं संशोधकांनी मांडलं. म्हणजे औषधाने शांत झाला म्हणून आत काय बिघडलंय ते कळलं, असं म्हणता येत नाही.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी डोपामीनच्या काही लाखच, त्याही बहुतेक मध्यमेंदूत. कुठली गोष्ट धरायची, कुठली सोडायची हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. 'उत्तेजक' शब्दाने घाबरू नका. १९३७ मध्ये ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, तर ती शांत होऊन अभ्यास करताना दिसली, तेव्हा तेही चकित झाले होते. सासऱ्यांना सांगा, हा चाबूक नव्हे, कासरा आहे. मात्र डोस स्वतः कमीजास्त करू नका.

चिकोडीच्या बाई
मी पंचवीस वर्षं प्राथमिक शिकवते. अशा पोराला मी पाढे म्हणताना उभं राहू देते, फळा पुसायला, हजेरीवही ऑफिसात न्यायला पाठवते. कमी-जास्तचा हिशेब मला येत नाही, पण पोराला 'बस, बस' म्हणत राहिलं की ते आतून मिटतं, हे मी पाहिलंय. त्याच्या बाईंना जाऊन भेटा, वहिनी.

खानापूरची आई
बाई, भेटतेच. फार्मासिस्ट दादा, तुमचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं. 'मोठा उंदीर थिजतो' या ओळीला त्यांनी दोनदा थांबवलं. म्हणाले, कच्च्या कौलाला बोट लागलं तर खूण राहते, भाजलेलं तडकतं. आणि मग मलाच विचारलं, "त्याची भूक कमी झालीय, ते गोळीनं काय?" माझ्या लक्षात आलं नव्हतं. शुक्रवारी बेळगावला जाताना ते बरोबर येतायत, डॉक्टरांना ते स्वतः विचारणार आहेत.