बळी, बलिदान, आलभन, संज्ञपन : नक्की अर्थ काय?

वास्तुशांतीच्या यादीत शेवटाकडे 'बलिदान' असतं आणि प्रत्यक्षात काय, तर उडीद घातलेला भात, त्यावर दिवा, खाली पत्रावळ. मग बळी म्हणजे मारणं हा अर्थ आला कुठून? आणि कुणी "शास्त्रातच बळी सांगितलाय" म्हणून बोकड कापायला निघालं तर त्याला 'अहो मूळ शब्दात हिंसा नाहीच' असं सांगता येईल का?

*

अर्धंच सांगता येईल. संस्कृत बलि म्हणजे अर्पण, वाटा, आणि करसुद्धा. रघुवंशात राजा प्रजेकडून 'बलि' घेतो तो चक्क टॅक्स आहे. मनुस्मृतीतल्या पंचमहायज्ञांत (गृहस्थाने रोज करायच्या पाच यज्ञांत) 'बलिर्भौतः' येतं, म्हणजे इतर जिवांसाठी काढून ठेवलेलं अन्न. मराठीत मात्र बळी म्हटलं की अपघातात तीन बळी, बोलरने घेतलेले पाच बळी, नाहीतर बळीचा बकरा, आणि बळीराजा तर या सगळ्याहून वेगळाच. (एकटा तत्सम शब्द लिहिताना मराठीत 'बली' दीर्घ, समासात 'बलिदान' ऱ्हस्व, हे जाता जाता.)

पण यावरून शास्त्रात हिंसा नाहीच म्हणणं ही चलाखी झाली, कारण श्रौत, म्हणजे वेदांत सांगितलेल्या मोठ्या यज्ञांत पशू मारण्याचे शब्दच वेगळे आहेत. 'वायव्यं श्वेतमालभेत' (वायूसाठी पांढऱ्या पशूचं आलभन करावं) यातल्या आलभनाचा शब्दशः अर्थ हात लावणं, धरणं. प्रत्यक्ष मारणं ते संज्ञपन, शब्दशः संमत करून घेणं. श्वास कोंडून मारायचा आणि म्हणायचं संमत केला! मारणारा तो शमिता, म्हणजे शांत करणारा. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी सांगणाऱ्या वैदिक ग्रंथात तर स्पष्टच आहे की 'मार, ठार कर' असं म्हणू नये, ते माणसांचं बोलणं झालं, 'संज्ञपय' म्हणावं, आणि त्या वेळी तिकडे पाठ करून बसावं, आपल्या डोळ्यांसमोर नको म्हणून.

माझं म्हणणं एवढंच की मारणं बोचतं हे काही बाहेरून आलेलं नाही, शास्त्र लिहिणाऱ्यांनाही ते बोचत होतं आणि ते या शब्दांतच सापडतं.

*

हे जरा ओढूनताणून वाटतं. आपण नारळ 'वाढवतो', बांगडी 'वाढवतो', म्हणून काय आपल्याला नारळाबद्दल अपराधी वाटतं का? अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये एवढंच. आणि मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, हा प्रश्न कधीच निकालात काढलाय, 'न हिंस्यात्' (हिंसा करू नये) हा सामान्य नियम, अग्नि-सोमांना द्यायचा अग्नीषोमीय पशू हा विशेष नियम, विशेष सामान्याला बाजूला सारतो, विषय संपला.

*

नारळाचं उदाहरण आवडलं, खरंच. पण नारळाला कुणी समजूत घालत नाही ना! ऋग्वेदात अश्वमेधाच्या सूक्तात घोड्यालाच सांगितलंय, 'न वा उ एतन्म्रियसे', तू मरत नाहीयेस, सोप्या वाटांनी देवांकडे चाललायस. मनूही 'यज्ञे वधोऽवधः' म्हणतो, यज्ञातला वध हा वधच नव्हे. जे सहज पचलेलं असतं त्याला नकार कशाला जोडावा लागेल? आणि मीमांसकांचा निकाल सगळ्यांनी कुठे मानला, सांख्य दर्शनाच्या सांख्यकारिका या ग्रंथाने दुःख घालवण्याच्या वैदिक उपायालाही 'अविशुद्धि', म्हणजे अशुद्धपणा, चिकटवलीच की, आणि तिथे टीकाकारांनी पशुवधाकडेच बोट दाखवलंय.

*

यज्ञात अर्पायचा 'अज' म्हणजे काय, हा वाद राहिला. महाभारताच्या शांतिपर्वात ऋषी म्हणतात अज म्हणजे बी, बोकड मारू नका, देव म्हणतात बोकडच, आणि उपरिचर वसू राजा देवांची बाजू घेतो म्हणून ऋषींच्या शापाने आकाशातून खाली पडतो. मला हे कायम गंमतशीर वाटत आलंय, कारण अज म्हणजे बोकड हा सरळ रूढ अर्थ आहे, शब्दकोश राजाच्या बाजूला आणि शाप पण राजालाच!

*

म्हणूनच 'अज म्हणजे धान्य' हा वाद घालायला मी जात नाही, अर्थ ताणला की समोरचा डिक्शनरी काढतो आणि आपण हरतो. त्यापेक्षा ऐतरेय ब्राह्मणातली गोष्ट भक्कम आहे. पशूतला मेध, म्हणजे यज्ञाला योग्य असं सत्त्व, माणसातून घोड्यात गेला, मग बैल, मेंढा, बोकड असं करत शेवटी जमिनीत शिरला आणि त्याची साळ झाली, म्हणून पुरोडाश, म्हणजे पिठाची यज्ञातली पोळी, अर्पण करणं म्हणजे पशूच अर्पण करणं. तिथे पुरोडाश पशूच्या जोडीनेच येतो हे मान्य, पण पुढे खऱ्या पशूऐवजी पिठाच्या पशूचा आग्रह मध्वाचार्यांच्या परंपरेने धरला त्याला कुठलाही शब्द मोडावा लागला नाही, आधार ग्रंथातच होता.

*

थँक्स सगळ्यांना. मग यादीत बलिदानाऐवजी काय लिहू? आमच्या मुलीने तो शब्द वाचून "बाबा, कोणाला?" विचारलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

*

बलिहरण लिहा. वैश्वदेवात, म्हणजे जेवणाआधी घरी करायच्या रोजच्या विधीत, भात काढून ठेवण्याचा शब्द तोच आहे.