मदत हवी आहे: २००२ च्या सिल्व्हराडोला यातला कोणता ४एल६०-ई बसेल?

चाकधर
शेव्हरले सिल्व्हराडो १५००, २००२, ५.३ लिटर व्ही८, फोर बाय फोर. मूळचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ४एल६०-ई. पहिला आणि तिसरा गिअर पडतो. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स नाहीच. पॅनमधल्या चुंबकावर पोलादी कणांचा लगदा आहे. भंगारात तीन गिअरबॉक्स मिळताहेत, तिन्ही ४एल६०-ई:

अ) २००२ सिल्व्हराडो, ४.३ व्ही६, फोर बाय फोर
आ) २००४ टाहो, ५.३, टू व्हील ड्राइव्ह
इ) २००९ सिल्व्हराडो, ४.८, फोर बाय फोर

मॉडेल तेच, वर्ष तेच, म्हणून (अ) घ्यावा असं वाटतंय. बरोबर आहे का?

पाना_बारा
नेमका तोच घेऊ नका. गाडी एक असली तरी इंजिनाचं घराणं वेगळं आहे. ४.३ व्ही६ हे जुन्या स्मॉल ब्लॉकच्या वंशातलं, तुमचं ५.३ एलएस (कंपनीच्या नंतरच्या व्ही८ इंजिनांचं घराणं) वंशातलं. बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं तोंड) बरेचसे बोल्ट जुळतात, म्हणून माणूस फसतो.

व्ही६ च्या गिअरबॉक्समध्ये २९८ मिमीचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असतो, तुमच्यात ३०० मिमीचा. फरक २ मिमीचा म्हणून सोडून देऊ नका. त्यासोबत बेलहाउसिंगची खोली आणि इनपुट शाफ्टची लांबीही बदलते. एलएस इंजिनात क्रँकची फ्लँज जुन्या इंजिनापेक्षा साधारण १० मिमी आत असते. त्यामुळे व्ही६ चा कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटपर्यंत (क्रँकवरची, कन्व्हर्टर जोडायची पातळ चकती) पोहोचत नाही. तुमचा कन्व्हर्टर त्यावर चढवायचा म्हटलं तर इनपुट शाफ्ट आखूड पडतो. स्पेसर आणि वेगळी फ्लेक्सप्लेट लावून जमवतात, पण योग्य गिअरबॉक्स सहज मिळत असताना हा खटाटोप कशाला?

बघून ओळखायची खूण: एलएसच्या बेलहाउसिंगला अगदी वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, बोल्टचं एक भोक असतं. जुन्या प्रकारात ते नसतं.

तेलकट_हात
(आ) पुढच्या बाजूने तंतोतंत बसेल, मागे अडेल. टू व्हील ड्राइव्हचा आउटपुट शाफ्ट लांब असतो आणि त्यावर टेलहाउसिंग येतं. फोर बाय फोरचा आखूड, त्यावर ॲडॉप्टर आणि मग ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा). 'टेलहाउसिंग काढून ॲडॉप्टर लावा' हा सल्ला ऐकू नका. शाफ्ट आतून धरलेला आहे, तो बदलायचा म्हणजे पुढून पंपापासून अख्खा गिअरबॉक्स सोडावा लागतो.

जाता जाता, तुमच्या लक्षणांवरून रिअॅक्शन सन शेल (आतल्या सन गिअरला फिरवणारं पोलादी कवच) तुटलेला दिसतो. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जाणं ही त्याची ठळक खूण. ओव्हरहॉल करायची तयारी असेल तर (आ) वाया जाणार नाही: उघडल्यावर तुमचा आउटपुट शाफ्ट आणि ॲडॉप्टर त्यात घालायचा. नुसता काढून बसवायचा असेल तर सोडून द्या.

घर्षण
(इ) यांत्रिकदृष्ट्या सगळ्यात फसवा, कारण तो बोल्टवर बसेलही. अडचण विजेची आहे. तुमच्या २००२ मध्ये इंजिनाचा पीसीएमच (गाडीचा मुख्य संगणक) गिअरबॉक्स चालवतो. २००९ च्या पिढीत गिअरबॉक्सला स्वतंत्र टीसीएम (फक्त गिअरबॉक्सचा संगणक) आहे, पंपात इनपुट स्पीड सेन्सर आहे आणि गिअरची स्थिती सांगणारा स्विच आत गेला आहे. तुमच्या गाडीत तो केसच्या बाहेर, शिफ्ट शाफ्टवर असतो. आतलं वायरिंग आणि स्विच बदलून जमवता येतं, पण पुन्हा पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवणारा भाग) उघडणं आलंच.

शोधायचं ते असं: १९९९ ते २००५, ४.८ किंवा ५.३ व्ही८, फोर बाय फोर. ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर एम३० कोड म्हणजे ४एल६०-ई. एम३२ दिसला तर ४एल६५-ई, तो उलट उत्तम: प्लॅनेटरीमध्ये (आतल्या गिअरच्या संचात) चारऐवजी पाच पिनियन (छोटे गिअर), आणि या वर्षांत वायरिंग तेच. एमटी१ म्हणजे ४एल८०-ई, त्याच्या वाटेला जाऊ नका. ट्रान्सफर केसकडे तोंड असलेल्या शाफ्टला त्याचे ३२ स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा), तुमचे २७.

चाकधर
२००३ टाहो, ५.३, फोर बाय फोर, एम३० मिळाला. कन्व्हर्टर सोबत आहे. घेण्याआधी काय तपासू? आणि ट्रान्सफर केस माझाच ठेवू ना?

घर्षण
हो, तुमचाच. वेगाचा सेन्सर फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसवर असतो, त्यामुळे स्पीडोमीटरचा प्रश्न येत नाही. स्टिकर दुसऱ्या गाडीचा असू शकतो, म्हणून केसवर, पॅनच्या कडेला मागे उजवीकडे ठोकलेला कोड वाचा. पहिला अंक वर्षाचा, पुढची अक्षरं मॉडेलची. ३ नसेल तर प्रश्न विचारा.

पॅन उघडू देत असतील तर जरूर उघडा. बारीक राखाडी गाळ चालतो. पितळी चकाकी किंवा काळे, जळक्या वासाचे कण दिसले तर परत ठेवा. तिसरा-चौथा क्लच जळलेला असण्याची शक्यता मोठी. ती गाडी अजून सुरू होत असेल तर स्कॅनरने बिघाडाचे कोड वाचा. पी१८७० असेल तर कन्व्हर्टर लॉक घसरतोय, बहुधा व्हॉल्व्ह बॉडीतलं टीसीसी (कन्व्हर्टर लॉक करणारा क्लच) रेग्युलेटरचं भोक झिजलंय.

पाना_बारा
बसवताना तीन गोष्टींत घाई नको.

पहिली, कन्व्हर्टर. गिअरबॉक्स जमिनीवर असतानाच फिरवत आत ढकला. इनपुट शाफ्ट, स्टेटर, पंप, असे तीन टप्पे हाताला जाणवतात. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपासून ३ ते ५ मिमी मागे हवा. फट शून्य असेल तर थांबा, बोल्टने ओढू नका. पंपाचे कान तुटतात आणि नवा गिअरबॉक्स पहिल्याच स्टार्टला भंगारात जातो. इंजिनामागच्या दोन्ही डॉवेल पिना (गिअरबॉक्स नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का तेही बघा. बेलहाउसिंगचे बोल्ट ५० न्यूटन-मीटर, कन्व्हर्टरचे ६३, पॅनचे ११.

दुसरी, कूलर. सन शेलचे पोलादी कण रेडिएटरमधल्या कूलरमध्ये आणि नळ्यांत बसलेत. नीट फ्लश करा. ३० सेकंदांत दोन लिटरच्या आसपास तेल निघालं नाही तर कूलर बदला. हे टाळलं तर जुन्याचा मैला नव्याच्या पोटात जातो.

तिसरी, पॅन. उथळ आणि खोल असे दोन पॅन येतात, फिल्टरही वेगवेगळे. जोडी मोडू नका.

चाकधर
तेल किती आणि कोणतं?

तेलकट_हात
डेक्सरॉन ६ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा प्रकार), जुन्या गिअरबॉक्सला चालतं. पूर्ण कोरड्याला सुमारे १०.६ लिटर लागतं, पण एकदम ओतू नका. बसवण्याआधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर, पॅनमध्ये साधारण ५, मग इंजिन सुरू करून ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून लिव्हर फिरवा आणि डिपस्टिक बघत भरत जा. शेवटची पातळी तेल ८० ते ९० अंशांना तापल्यावर, सपाट जागेवर, पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून बघायची. डिपस्टिकच्या नळीचं रबरी सील नवीन घाला. जुनं सील गळलं की पुढचा आठवडा माणूस पंपाचं सील गळतंय असं समजत राहतो.